तेरावा महिना कुणाचा?

१५ मे १९९९, शनिवार. अमावास्या

इंदुबाईंनी दार अर्धंच उघडलं! एक हात कडीला, दुसरा चौकटीला. आम्ही दोघी भर उन्हातून रोह्याला पोचलेल्या – मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. आईंचं बोचकं माझ्या काखेत. थोरली जाऊ म्हणून मी वाकणार होते, तेवढ्यात ही म्हणते, "आज कशा काय?"

आज अमावास्या, म्हणून! मामंजी गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा गावच्या भाऊबंदांनी बसून ठरवून दिलं – आई एक महिना आमच्याकडे पेणला, एक महिना थोरल्यांकडे रोह्याला. अमावास्येला पोचवायचं. वैशाख आमचा, ज्येष्ठ त्यांचा. यात न कळण्यासारखं काय आहे?

"ज्येष्ठ आमचाच," इंदुबाई म्हणाल्या, "पण निज ज्येष्ठ. उद्यापास्नं अधिक लागतोय. मलमास! मलमासात ना सण, ना लगीन, ना मुहूर्त. मग पाळी कुठनं आली?"

"मग महिनाभर आईंनी वारा खायचा?"

"वैशाख लांबला म्हणा की तुमचा."

ऐका! भाऊबंदांनी भातशेत वाटलं, वालाचं शेत वाटलं, आईसुद्धा वाटून दिली, पण अधिक महिना वाटायचा राहिला. एकाच्याही डोक्यात आला नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा असा.

आणि वर आईंच्या देखत काय म्हणावं? "यांचं मागणं तरी किती! चहा दे, सुकट भाज, भात मऊ कर. दिवसभर आपलं चालूच. मला पण जरा उसंत पायजे का नको?"

धादांत खोटं! आमच्याकडे महिना काढला, तोंडातून शब्द नाही. मागणं नाही, तक्रार नाही. बाराला मी ताट पुढे ठेवते, मागायची वेळच येऊ देत नाही. ज्याच्या त्याच्या घरचं वळण, दुसरं काय!

आई तोवर पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "भांडा गो सावकाश. मी हाय हितंच."

संध्याकाळच्या गाडीने दोघी परत पेणला. हे कारखान्यातून आले, हाताला गणपतीची माती तशीच. आईंची चप्पल दारात बघून म्हणाले, "अरे! परत?" आई आतच होत्या.

१६ मे

हे बूथवरून दादांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, बोलून आले. काय ठरलं? "बघू म्हणाला." दोघे भाऊ एका माळेचे मणी! बायकांनी तोंड वाईट करायचं आणि ह्यांनी 'बघू' म्हणायचं.

मी ह्यांना स्पष्ट सांगितलं – राहू देत इथे, मी काही बाहेर काढत नाही. पण ही आपली पाळी नाही. अधिक एकदा आपला मोजला की कायमचा आपल्या गळ्यात. जरा मोठ्यानेच बोलले बहुतेक.

दुपारी ताट घ्यायला गेले तर आई माजघरातून म्हणाल्या, "सरू, मी अधिकात अयाचित धरलंय गो."

माझी आजी हे व्रत करायची. तोंडाने मागायचं नाही. कुणी आपणहून पुढ्यात आणून ठेवलं तर दिवसातून एकदा जेवायचं. नाही ठेवलं तर उपास. दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही नाही.

"या वयात हे काय?" म्हटलं.

"कुणाच्या पाळीचा नाय ना म्हैना? मग देवाच्या पाळीचा."

हसत म्हणाल्या. मीपण हसले. ताट वाढून ठेवलं. जेवल्या.

१९ मे

शेजारच्या काशीबाईंना व्रताचं कळलं. झालं! अधिकात अयाचितवाल्या बाईला जेवू घातलं की पुण्य लागतं म्हणे. अकरालाच ताट घेऊन हजर – वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, लोणच्याची फोड. त्यांच्या मागोमाग समोरची धोंडुबाई, "उद्या माझ्याकडचं हां!"

आई ताटाला नमस्कार करून जेवल्या. काशीबाई समोर बसून वारा घालत होत्या. दोघींच्या गप्पा काय! माझ्या लग्नातल्या गोष्टी निघाल्या, ज्या मलाच ठाऊक नाहीत.

बरंच झालं. व्रत देवाचं, पुण्य आळीला आणि मला दुपारची एक खेप कमी.

२० मे

आज तांदूळ एक मूठ कमी घेतले.

हात आपोआप थांबला. ठरवून नाही. पण घेतले कमीच. कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

२३ मे

रामवाडीच्या नळावर आज धोंडुबाईची बहीण सगळ्यांसमोर – "तुमच्या सासूबाई काय समाधानाने जेवतात हो! बघूनच पोट भरतं." आणि मागून कुणीतरी, हळूच पण मला ऐकू जाईल इतक्याच हळू – "घरात कोणी वाढत नसंल."

हंडा अर्धा भरला तसाच उचलून आले. अख्खी रामवाडी जेवू घालते आहे, आणि मी कोण? उपाशी ठेवणारी सून! महिनाभर बाराला ताट देत आले ते कुणाला दिसलं नाही!

तडक काशीबाईंकडे गेले. म्हटलं, "उद्यापासून ताट आणू नका. आमच्या घरात अन्न आहे."

काशीबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं. "मी काय उपकार करतेय का गो? मलाच बरं वाटतं. घरात कोण हाय माझ्या जेवायला?"

"लोक बोलतात."

"बरं. नाय आणत." मग सूप परत उचलत, "तू वाढतेस ना पण?"

काय प्रश्न आहे! तशीच उठले, धोंडुबाईलाही सांगून आले.

२४ मे

बाराला ताट दिलं. पोळी, बटाट्याची भाजी, वरण-भात. आई जेवल्या. एकट्याच. मी तोवर भांडी घासून घेतली.

२७ मे

रंभाचं पत्र! ६ जूनला, रविवारी येतात दोघं. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायलाच हवं. जावयाच्या, दत्तात्रेयांच्या घरचे बारकाईने बघणारे लोक आहेत. काही कमी पडता कामा नये.

आजच तांदूळ भिजत घातले. तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. ह्यांना म्हटलं, मागच्या पडवीत वाळायला ठेवलेले गणपती एका बाजूला करा, जावयाला घरात चिखल दिसायला नको.

"दादाचा काही निरोप नाही आला," हे म्हणाले. मला त्यासाठी आत्ता वेळ नाही.

३ जून

नमुन्याचे चार अनारसे तळले, चारही हसले! तुपात सोडले आणि जाळी पडायच्या जागी विरघळूनच गेले. कढईत नुसता चुरा. रडूच आलं. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, कुटून, चाळून, गूळ घालून मुरवलेले – सगळं वाया?

आई मागे येऊन उभ्या कधी राहिल्या कळलं नाही. मी हाक मारली नव्हती. पिठाचा गोळा चिमटीत घेतला, वास घेतला. "गूळ ज्यादा झाला. कोरडं पीठ हाय का राहिलेलं?" होतं. त्यांनीच मिसळलं, मळलं. "आता दोन दिस हात लावू नको."

५ जून

आईंनी सगळे अनारसे तळले. मी थापायचे, त्या सोडायच्या. गुडघा दुखतो म्हणून स्टुलावर बसून. एकही हसला नाही. खसखशीची बाजू वर, झाऱ्याने वरून तूप उडवायच्या, उलटायच्या नाहीत. काय जाळी पडली आहे! माझ्या आईच्या हातालाही असे जमायचे नाहीत. तसं त्यांना म्हणावं असं मनात आलं, पण राहिलं.

तेहतीस वाणाचे आणि वर सात. सगळे डब्यात भरून फळीवर ठेवले. आधी जावयाला, मग घरात. रीतच आहे ती.

आई हात धुऊन मागच्या पडवीत जाऊन बसल्या. आधी दुपारी ताट दिलं होतं. जेवल्या होत्या. नक्की दिलं होतं.

६ जून, रविवार. दुपार

निभावलं! काय सुंदर झालं सगळं! जावई पाटावर, भोवती रांगोळी, चांदीची वाटी शेजारून आणलेली. पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, भजी, वालाचं बिरडं, मठ्ठा. जावईबापूंनी धोंडे तीनदा मागून घेतले! मागून खाणारा जावई म्हणजे काय आनंद! वाणाच्या ताटात दिवा लावून तेहतीस अनारसे दिले, तर म्हणाले, "एवढे सुबक कुणी केले?" मी म्हटलं, "घरीच केले."

हे खूश. रंभा खूश. पाठ मोडली आहे. जरा पडते.

त्याच दिवशी, रात्री

कसं लिहू?

तिन्हीसांजेला दिवा लावत होते. रंभा पडवीत आजीजवळ बसली होती. तिचं नाव आईंनीच ठेवलं आहे, स्वतःच्या आईचं. मला जुनाट वाटलं होतं तेव्हा. तिने सहज विचारलं, "आजी, धोंडे कसे झाले होते गं?"

आई म्हणाल्या, "वास चांगला येत व्हता."

रंभा हसली. मग थांबली. "म्हणजे? जेवलीस ना तू?"

"आज नाय आला योग."

कुणी वाढलंच नव्हतं. कुणीच नाही! मला वाटलं रंभाने वाढलं. रंभाला वाटलं मी – "तूच वाढतेस ना रोज?" ह्यांना वाटलं बायका बघतील. पंगत बसली, उठली, दुसरी बसली, पत्रावळी उचलल्या, मी वामकुक्षी करून उठले. आणि आई सकाळपासून पडवीत, ओल्या गणपतींच्या शेजारी. मधे एकदा मी तिथूनच पातेलं आणायला गेले होते! त्यांनी पाय आखडून मला वाट दिली. मला आठवतं आहे. पाय आखडले, आणि मी पातेलं घेऊन आले.

धावत ताट वाढलं. धोंडा, भात, फळीवरचे सातही अनारसे. पुढ्यात ठेवलं. आईंनी ताटाला हात जोडले आणि बाजूला सारलं. "दिस मावळला गो. उद्या."

"आई, व्रत राहू दे! पाया पडते."

"असं नको म्हणू. दे, पाणी दे."

पाणी दिलं. तेवढंच घेतलं.

दाराशी जावई उभे होते. केव्हापासून, ठाऊक नाही. वाणाचं ताट तसंच कोपऱ्यात आहे, त्याला त्यांनी नंतर हात लावला नाही. रंभा तोंड फिरवून रडते आहे. एवढं अन्न उरलं आहे घरात, भांडी पुरत नाहीत ठेवायला.

७ जून

पोरं सकाळच्या एसटीनेच गेली. दुपारपर्यंत थांबणार होती.

बारा वाजायची वाट नाही बघितली. दहालाच ताट नेलं. समोर बसले. आई जेवू लागल्या तशी मला राहवेना. "एकदा हाक मारायची नाही का? 'सरू, भूक लागली' – एवढंच! मी काय नाही म्हटलं असतं?"

"मागितलं की मोडतं ना गो."

राग नाही आवाजात. राग असता तर मीपण रागावले असते, मग दोघींचं रडून झालं असतं. त्यांनी फक्त मीठ घेतलं आणि भात कालवला.

काशीबाई कुंपणाशी उभ्या होत्या. काल दिवसभर त्या घरातच होत्या. त्यांना आमची पडवी दिसते. त्यांना माहीत होतं! पण मीच सांगितलं होतं ना, आणू नका म्हणून. माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. एक शब्द बोलल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

८ जून

काशीबाईंकडे गेले. दारातूनच म्हटलं, "उद्यापासून आणत जा ताट."

"आणीन," म्हणाल्या. "मी भरून ठेवलं व्हतं गो त्या दिवशीबी. झाकून. संध्याकाळी गायीला घातलं."

१० जून

काशीबाई ताट आणतात, मीपण वाढते. दोन्हीतलं थोडंथोडं आई खातात. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून असेल. काशीबाईंशी बोलतात. मी गेले की "झालं हो" म्हणतात.

ह्यांना म्हटलं, "आईंना इथेच ठेवू या का? कायमचं?" खरंच म्हटलं. हे म्हणाले, "पाळी मोडली तर सगळंच परत मांडावं लागेल. शेतसुद्धा." आणि लिहायला लाज वाटते, पण लिहिते – त्यांनी नको म्हटल्यावर मला आतून सुटल्यासारखं झालं. कढत पाण्यातून हात काढल्यावर वाटतं तसं.

१३ जून. अमावास्या

दादा स्वतः आले न्यायला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून निज." ह्यांनी बोचकं उचललं, स्टेशनपर्यंत गेले.

सकाळीच आईंचं व्रत सोडवलं. साडी दिली, काशीबाई आणि धोंडुबाईला बोलावून जेवण केलं. आई जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "वंगाळ वाटून घेऊ नको. व्रत व्हतं ना ते."

खरंच, व्रत होतं म्हणून झालं. एरवी असं कधी झालं असतं का? एरवी मागितलंच असतं त्यांनी. नाही, एरवी मागायची वेळच मी येऊ देत नाही. दोन वर्षांत कधीच आली नाही. कधीच...

आज एवढंच.

१९ जून

माझे मीच अनारसे केले. पहिले पाच हसले. मग कोरडं पीठ घातलं, आईंनी दाखवलं तसं. पुढचे जमले. उद्या रोह्याला घेऊन जाईन. पाळी नसताना. एकटी. त्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, हे तुमचे.

२० जून, रविवार. रोह्याहून आल्यावर

इंदुबाईंचं दार आज सताड उघडं होतं. मी पायरीवर छत्री मिटत होते, आतून आवाज आला.

"इंदे, भूक लागली गो! वाढ ना लवकर. आन् कालच्यावानी सुकट भाज. जरा सढळ हातानं."

"आताच च्या-बटर झालं ना? थांबा की, दोनच हात हायत मला!"

"मग च्या तरी दे परत, तोवर."

इंदुबाई करवादल्या, भांडं आपटलं, आणि आई खळखळून हसल्या. मी हा आवाज ओळखलाच नाही आधी.

मी आत पाय टाकला. आईंनी हसू आवरलं. पदर सारखा केला, पाय आखडून घेतले. "ये, सरू. बस."

ताट आलं. डब्यातला अनारसा मी वाढला, तो खाल्ला. जेवढं पानात होतं तेवढं जेवल्या. मी होते तोवर पुन्हा काही मागितलं नाही.